ओव्हरलेआधी फ्लँजचा फेस का कापतात?

फ्लँज म्हणजे पाइपच्या टोकाची, बोल्टने जोडायची कडा; समोरच्या फ्लँजला भिडणारी तिची बाजू म्हणजे फेस. नव्या कोऱ्या फ्लँजचा फेस लेथवर कापून काढायचा, त्या जागी वेल्डिंगने दुसराच धातू भरायचा (हाच ओव्हरले) आणि तोही कापून पुन्हा पहिल्या मापावर आणायचा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा उलटा कारभार वाटतो. पण यातल्या प्रत्येक कटामागे एकेका काळातली अडचण आहे.

सतराव्या शतकात व्हर्सायच्या कारंज्यांसाठी बिडाचे पाइप टाकले गेले, त्यांचे जोड फ्लँजचेच होते. जुन्या जोडांत फेसचा उंचसखलपणा मधल्या मऊ शिशाने किंवा चामड्याने झाकला जाई. वाफेच्या दाबापुढे तेवढे पुरेना. १८४० मध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी खरा सपाट पृष्ठभाग मिळवण्याची रीत मांडली: तीन पाट्या आलटून पालटून एकमेकींवर ताडायच्या आणि उंचवटे स्क्रेपरने खरवडायचे. तीनच का? कारण एक फुगीर आणि दुसरी खोलगट असली तरी दोन पाट्या एकमेकींवर चपखल बसतात; तिसरी आली की दोष उघडा पडतो.

पुढे उमगले की सपाट फेसही आरशासारखा गुळगुळीत नको, गॅस्केटला, म्हणजे दोन फेसमधल्या सीलला, पकड हवी. म्हणून एएसएमई बी१६.५ या फ्लँजच्या अमेरिकन मानकात रेझ्ड फेसला (भोवतीच्या भागापेक्षा किंचित उंच फेसला) ३.२ ते ६.३ मायक्रॉन खडबडीतपणा येतो, आणि त्यावरच्या रेषा ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या, मिलिमीटरला साधारण दोन. रिंग जॉइंटची गोष्ट निराळी. तिथे धातूची रिंग खोबणीच्या तिरक्या भिंतींवर अरुंद पट्ट्यात टेकते, त्यामुळे भिंती १.६ मायक्रॉनपर्यंत नितळ लागतात. अशा भिंतीवर क्लोराइडने किंवा हायड्रोजन सल्फाइडने बारीकसा खड्डा पाडला, तरी गळतीला वाट मिळते.

यावरचा उपाय मात्र झिजेच्या दुखण्यातून आला. एलवुड हेन्स यांना १९०७ मध्ये कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूचे पेटंट मिळाले; त्यातूनच स्टेलाइट घडले आणि खोदाईची हत्यारे, व्हॉल्व्हच्या सीट यांवर कठीण थर चढवण्याची पद्धत रुळली. गंजाविरुद्ध आज सर्रास वापरला जातो तो मिश्रधातू ६२५. इंटरनॅशनल निकेलने तो वाफेच्या पाइपांसाठी घडवला, पेटंट १९६४ चे. साधारण ६१ टक्के निकेल, २२ टक्के क्रोमियम, ९ टक्के मॉलिब्डेनम. अख्खा फ्लँज त्याचा करणे फार महाग पडते, म्हणून अंग पोलादाचे आणि फेस ६२५ चा.

खरी अडचण इथून पुढे सुरू होते, आणि नवख्यांचे काम बहुधा इथेच बिघडते. आर्क (वेल्डिंगची विजेची ठिणगी) लागताच खालचे पोलादही वितळते आणि त्याचे लोखंड वरच्या थरात मिसळते. पहिल्या थरात ही भेसळ सर्वांत जास्त, म्हणून अनेकदा दुसरा थर चढवतात. एपीआय ६ए या तेल-वायू विहिरींच्या उपकरणांच्या मानकात रिंगच्या खोबणीत अंतिम मशीनिंगनंतर किमान ३ मिमी ओव्हरले उरावा लागतो, आणि ६२५ च्या थरातले लोखंड वर्गानुसार ५ किंवा १० टक्क्यांच्या आत. हाच ३ मिमीचा नियम क्लास १५० च्या (क्लास म्हणजे दाब सोसण्याचा वर्ग) फ्लँजला लावून पाहा. तिथला रेझ्ड फेस अवघा २ मिमी उंच! म्हणजे तो पूर्ण कापून वर आणखी १ मिमी अंगात उतरावे लागते. मूळ फेसवरच वेल्डिंग केले आणि मग मापावर आणले, तर सगळा ओव्हरले कापलेल्या चिपमध्ये (किसात) निघून जातो.

त्या तयारीच्या कटात कोपरे गोल ठेवतात, कारण काटकोनात आर्क नीट पोचत नाही आणि मुळाशी न जुळलेली फट राहते. मग तेल-ग्रीस पुसायचे, डाय पेनिट्रंटने (भेगांत शिरणाऱ्या रंगीत द्रवाने) भेगा तपासायच्या, पोलादाला गरज असेल तर प्रीहीट द्यायचा, म्हणजे ते आधी तापवायचे. आणि एक गोष्ट आवर्जून करावी: डायल (फ्लँज सरळ बसला का ते दाखवणारे मापयंत्र) लावण्यासाठी एखादा पृष्ठभाग मशीन करून वेल्डिंगपासून दूर ठेवावा. उष्णतेने फ्लँज थोडा वाकतोच. शेवटच्या सेटिंगला तो संदर्भ नसेल, तर फेस दिसायला अचूक येतो, पण थर एका बाजूला ४ मिमी आणि दुसरीकडे २ मिमी. वरचा मशीनिंग अलाउन्सही (शेवटी कापून टाकायचा जादा थर) कंजूसपणे ठेवू नये. ६२५ कापताना कडक होत जातो; उथळ कटात टूल कापण्याऐवजी घासते आणि पुढच्या फेरीला त्याच कडक कातडीवर जाऊन आदळते.