इंग्लिश सनद की स्कॉटिश? मुंबईच्या जुन्या फ्रीमेसन लॉजेसचा घोळ

फ्रीमेसन ही दीक्षा घेऊन सभासद होण्याची एक बंधुसंघटना, आणि लॉज म्हणजे तिची स्थानिक शाखा. मुंबईतल्या अशा जुन्या लॉजेसबद्दल लिहिणारे सगळ्यांना सरसकट 'इंग्रजांचे लॉज' म्हणून मोकळे होतात. लॉज उघडायची सनद, म्हणजे परवानगी, ग्रँड लॉज ही मध्यवर्ती संस्था देते. लॉज कुणाच्या सनदेवर उघडलं, इंग्लंडच्या ग्रँड लॉजच्या (स्थापना १७१७) की स्कॉटलंडच्या (स्थापना १७३६), हे पाहिल्याशिवाय त्याच्या इतिहासाचा पत्ता लागत नाही. या दोन्ही संस्था स्वतंत्र. एकीचा हुकूम दुसरीवर चालत नाही.

वरवरचे फरक किरकोळ आहेत. सभासद बैठकीत एप्रन बांधतात; इंग्लिश लॉजमध्ये त्याची किनार ठरलेली आकाशी, स्कॉटिश लॉज आपला रंग आपणच निवडतं. इंग्लिश लॉजच्या प्रमुखाला वर्शिपफुल मास्टर म्हणतात, स्कॉटिशच्या प्रमुखाला राइट वर्शिपफुल मास्टर. मार्क मेसन ही दीक्षेची पायरी स्कॉटिश लॉजमध्ये तिथल्या तिथे मिळते, इंग्लिश पद्धतीत तिच्यासाठी वेगळ्या संस्थेत जावं लागतं. 'स्कॉटिश राइट' ही मात्र तिसरीच भानगड. ती वरच्या पायऱ्यांची व्यवस्था आहे, तिला इथे आणू नये.

मुंबईत इंग्लिश सनद आधी आली, अठराव्या शतकातच. पारडं फिरलं ते १८३६ मध्ये. स्कॉटलंडने डॉ. जेम्स बर्न्स यांना पश्चिम हिंदुस्थानचे प्रांतिक ग्रँड मास्टर, म्हणजे तिथल्या स्कॉटिश लॉजेसचे प्रमुख, नेमलं. हे कंपनी सरकारचे डॉक्टर. १८४१ मध्ये काबूलला मारले गेलेले अलेक्झांडर बर्न्स त्यांचे धाकटे भाऊ. इंग्लंडच्या बाजूने डॉ. जेम्स यांच्या तोडीचा अधिकारी मुंबईत नव्हता आणि बर्न्स होते लोकप्रिय. मग इंग्लिश लॉजेसमधली माणसं स्कॉटिश बाजूला सरकली. 'पर्सिव्हरन्स' या लॉजचं नाव दोन्ही बाजूंच्या इतिहासात भेटतं, ते याच पक्षांतरामुळे.

याच 'पर्सिव्हरन्स'ने माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना दार बंद केलं. मुलींच्या अलेक्झांड्रा शाळेमुळे पुढे नावारूपाला आलेले ते हेच. त्यांनी पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली, तरी परतल्यावर मुंबईत नकारच. शेवटी १८४३ मध्ये बर्न्स यांनी 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज हिंदुस्थानी सभासदांसाठी उघडलं. तिथे पारशी आणि मुसलमान सभासद आले. सनद अर्थातच स्कॉटिश.

यावरून स्कॉटिश उदार आणि इंग्लिश कर्मठ असा निष्कर्ष काढणं घाईचं होईल. श्रेय बर्न्स या माणसाचं आहे, सनदेचं नाही. शिवाय वेगळं लॉज काढणं ही एक पळवाटही होती: जुन्या सभासदांना आपल्या बैठकीत कुणाला जागा करून द्यावी लागली नाही.

इंग्लंडची घडी मुंबईत पुन्हा बसायला एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. १९६१ मध्ये भारताची स्वतःची ग्रँड लॉज स्थापन झाली, तेव्हा जुन्या लॉजेसना तिच्यात यायचं की मूळ सनदेखालीच राहायचं, याची मुभा होती. त्यामुळे आता सनदा तीन-चार प्रकारच्या झाल्या आहेत. आयर्लंडचीही त्यात एक आहेच.