उत्पादन अभिकल्प शिक्षण, कार्यशाळा पद्धतीचे

रोजच्या वापरातील वस्तूंची रचना प्रत्यक्ष वस्तू घडवत आणि गटाने काम करत शिकण्याची विद्यापीठीय पद्धती. ‘अभिकल्प’ ही संज्ञा कोशांत आढळते. वर्गात मात्र ‘प्रॉडक्ट डिझाइन’च चालते.

उगम : वाल्टर ग्रोपिउस यांनी १९१९ मध्ये जर्मनीत वायमार येथे स्थापन केलेल्या बाउहाउस या कला-विद्यालयापासून या पद्धतीची सुरुवात सामान्यतः मानली जाते. तेथे योहानेस इटेन यांच्या प्राथमिक अभ्यासक्रमानंतर विद्यार्थी कार्यशाळेत जात. कार्यशाळेला दोन शिक्षक असत : रूपाची बाजू पाहणारा कलावंत आणि हातकाम शिकवणारा कारागीर. संस्था १९२५ मध्ये डेसाऊला गेल्यावर ही जोडी मागे पडली, कारण दोन्ही अंगांत तयार झालेले माजी विद्यार्थीच शिक्षक झाले. जर्मनीतीलच उल्म येथील डिझाइन विद्यालयाने (१९५३–६८) या शिक्षणाला शास्त्रीय व सामाजिक अभ्यासाची जोड दिली. भारतात चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन अभिकल्पकांच्या १९५८ च्या अहवालानंतर अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था (१९६१) आणि पुढे आयआयटी मुंबईत औद्योगिक डिझाइन केंद्र (१९६९) निघाले. ईम्स दांपत्याने साध्या लोट्याला दिलेली दाद प्रसिद्धच आहे.

नागपूरजवळचा आणखी एक उगमही सुचवता येतो. वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम, म्हणजे हस्तकामातून शिक्षणाची गांधीजींची योजना, पुढे आली. तीत टकळी (सूत कातण्याची हातचाती) हे शिकण्याचे माध्यम होते, टकळीची रचना हा अभ्यासविषय नव्हता. त्यामुळे हे साम्य फार ताणू नये. वर्ध्याच्याच मगनवाडी या ग्रामोद्योग केंद्राचे उदाहरण अधिक लागू पडते. तेथे गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांच्या काळात ग्रामोद्योगांची अवजारे सुधारण्याचे प्रयोग झाले आणि वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप हा दिवा तयार झाला. तरीही उल्म येथे शिकलेले सुधाकर नाडकर्णी यांच्यासारख्या अध्यापकांमुळे बाउहाउस-उल्म या पहिल्या परंपरेचा दुवा स्पष्ट दिसतो. म्हणून तीच अधिक ग्राह्य वाटते.

कार्यपद्धती : चार-पाच जणांचा गट वापरणाऱ्याचे निरीक्षण करतो, पुठ्ठा व फोमची मॉडेले करतो, ती मोडतो, पुन्हा करतो आणि ज्युरीपुढे (परीक्षक मंडळापुढे) मांडतो. गुण गटाला द्यावेत की व्यक्तीला, हा जुना वाद आहे. प्रत्येकाची कामाची वही तपासणे ही त्यातली तडजोड.

नागपुरी कूलर हा अशा अभ्यासाला सोयीचा विषय. पत्र्याची पेटी, तीन बाजूंच्या ताट्या, पंप आणि पंखा एवढाच पसारा. मे महिन्याच्या कोरड्या हवेत बाष्पीभवनाने खोली गार होते. पावसाळी दमट हवेत तोच कूलर निरुपयोगी ठरतो. पंपाच्या वायरचे आवरण फाटले, तर ओल्या पत्र्यातून विजेचा धक्का बसू शकतो. पाणी कोण व किती वेळा भरते, खिडकीबाहेरचा स्टँड वजन पेलतो का, आठ महिने पेटी कुठे ठेवायची, हे प्रश्न कागदावरच्या आराखड्यात सहसा सुटून जातात. घरात जाऊन पाहिल्यावरच कळतात.

डिझाइनच्या पदवी प्रवेशासाठी आयआयटी मुंबईतर्फे २०१५ पासून ‘यूसीड’ परीक्षा घेतली जाते.