जयपूर फूट गोव्यातून मिळवायचा तर: कागद कुठले, जायचं कसं

आमच्या मामांचा उजवा पाय डायबेटिसने गेला, गुडघ्याखाली. घर पेडण्यात, दारात तीन पायऱ्या, आणि चवथ दोन महिन्यांवर. तेव्हापासून जो भेटतो तो विचारतो, जयपूर फूट, म्हणजे जयपूरचा कृत्रिम पाय, फुकट मिळतो म्हणतात ते खरं काय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

खरं आहे. जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती 1975 पासून हे काम करते, पायाचे पैसे घेत नाही, तिथे राहण्या-जेवणाचेही नाही. पाय मात्र त्याच्या आधीचा, 1968 च्या सुमाराला तिथल्याच सवाई मानसिंग हॉस्पिटलात रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी मिळून केलेला. तेव्हाचे परदेशी पाय बुटात घालूनच वापरायचे, त्यावर उकिडवं बसता यायचं नाही, ह्याचं पाऊल रबराचं, अनवाणी चालतं, शेताच्या चिखलातही चालतं. मामांचा पहिला प्रश्न हाच होता, देवळात चप्पल काढतात त्याचं काय.

आता कागद. समितीत आधी अपॉइंटमेंट लागत नाही, पण निघण्याआधी एक फोन करा, आणि आधार, फोटो, ऑपरेशनचे पेपर जवळ ठेवा. तरी मी म्हणेन, आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, करून घ्या. स्वावलंबन पोर्टलवर फॉर्म भरायचा, आधार, फोटो, सही नाहीतर अंगठा, पत्त्याचा पुरावा अपलोड करायचा, हॉस्पिटल निवडायचं आणि बोलावतील तेव्हा तपासणीला जायचं. आमचं अडलं ते स्पेलिंगवर, आधारवर आडनाव एक आणि जुन्या कागदांवर पोर्तुगीज वळणाचं दुसरं, ज्याने फॉर्म भरून दिला त्याने बघितलंच नाही आणि सगळं परत करावं लागलं. गुडघ्याखालून पाय गेला असेल तर अपंगत्वाची टक्केवारी 40 च्या वर जातेच, नुसती बोटं काढली असतील तर नाही जात.

40 टक्के झाले की अपंगांना साधनं देणारी केंद्राची एडिप योजनाही उघडते, त्यात कानपूरच्या अलिम्को ह्या सरकारी कंपनीचे पाय, व्हीलचेअर, कुबड्या मिळतात. उत्पन्न महिन्याला 22,500 पर्यंत असेल तर पूर्ण फुकट, 30,000 पर्यंत अर्धे पैसे, आणि मागच्या 3 वर्षांत त्याच कामासाठी सरकारी मदत घेतलेली नसावी. उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, साधनं वाटपाचा कॅम्प लागल्यावर धावपळ नको.

जायचं तर मडगावहून मरुसागर एक्सप्रेस थेट जयपूरला जाते, पण आठवड्यातून एकदाच. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अपंगाला स्लीपर आणि थ्री एसीत 75 टक्के सवलत आहे, सोबत्यालाही तेवढीच, त्यासाठी रेल्वेचं कार्ड वेगळं काढावं लागतं, हे आम्हाला तिकीट काढल्यावर कळलं.

आणि घाई करू नका हां. जखम पूर्ण भरून सूज उतरायला हवी, नाहीतर माप घेतलेलं महिन्याभरात ढिलं होतं. तोवर क्रेप बँडेज कसं बांधायचं ते फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, आणि आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवू नका. मामी प्रेमाने रोज ठेवायची, गुडघा आखडला, तो सरळ व्हायलाच तीन आठवडे गेले.