आटे बसले म्हणजे सेंडर जुळला, असं नाही

जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये एक समज पक्का आहे: इंजिनात आटे नीट बसले की तापमानाचा सेंडर, म्हणजे इंजिनाचं तापमान डॅशबोर्डवरच्या गेजला (काट्याच्या मापकाला) कळवणारा सुटा भाग, बरोबर. ही समजूत चुकीची आहे, आणि तिच्यापायी चांगली इंजिनं जळू शकतात.

१९४९ ते १९५३ची फोर्डची फ्लॅटहेड व्ही-८ इंजिनाची गाडी घ्या. तिच्या इंजिनाच्या दोन्ही हेडमध्ये (सिलिंडरांवरच्या झाकणांत) एकेक युनिट असतं. वरून सारखीच दिसतात, पण एकच टर्मिनल (वायर जोडायची जागा) असलेला तो सेंडर आणि दोन टर्मिनलं असलेला तो निव्वळ स्विच, जास्त तापल्यावर सर्किट तोडणारा. त्यांची अदलाबदल केली की काटा खोटं सांगतो.

त्या ६ व्होल्टच्या सेंडरमध्ये द्विधातूची पट्टी असते. ती तापून उघडझाप करते आणि करंट तुटक-तुटक जातो. नंतरच्या गाड्यांमधल्या थर्मिस्टरचा रोध मात्र उष्णतेने सलग घटत जातो. म्हणजे थंड थर्मिस्टरचा रोध जास्त असतो. त्याची सवय असल्याने, थंड सेंडरवर ओहममीटर (रोध मोजणारं यंत्र) जवळपास शून्य दाखवतो तेव्हा अनेकजण तो शॉर्ट झालाय समजून फेकून देतात. कृपा करून फेकू नका, पट्टीवाल्यात ते बरोबरच असतं! इग्निशन बंद असताना या फोर्डचा काटा ‘हॉट’वर टेकलेला असतो, तेही बिघाडाचं लक्षण नाही.

आधी टर्मिनल मोजा, मग गेज कोणत्या जातीचा आहे, पट्टीवाल्या सेंडरचा की थर्मिस्टरचा, ते पाहा. आटे सर्वांत शेवटी.