बीपीच्या गोळीमागचं दार

सकाळी पर्वती चढून आलेल्या काकामंडळींच्या गप्पांत ‘ॲम्लो’ हमखास निघते. ॲम्लोडिपिन, पाच मिलिग्रॅम, बीपीची गोळी. ती ‘कॅल्शियमचं चॅनेल बंद करते’ एवढं बऱ्याच जणांना ठाऊक असतं. हे चॅनेल म्हणजे पेशीच्या पटलातलं, कॅल्शियमला आत सोडणारं इवलंसं दार. पण ते मुळात उघडतं-मिटतं कसं, याचा शोध सुरू झाला तो नळाच्या पाण्यापासून.

लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचं हृदय मिठाच्या द्रावणात धडधडत ठेवत असे. द्रावण शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यात केलं, तर हृदय थंडावू लागलं. आधीची धडधड नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियममुळे होती, हे त्याने १८८३ साली मांडलं. (चूक पाण्याची, श्रेय रिंगरचं!)

१९५२ मध्ये हॉजकिन आणि हक्स्ली यांनी माखलीच्या चेतातंतूवर गणित बसवलं, की विद्युतलहर सोडियम-पोटॅशियमच्या ये-जा करण्यातून उठते. पुढच्याच वर्षी फॅट आणि कॅट्झ यांना खेकड्याच्या स्नायूत सोडियम काढून घेतल्यावरही विद्युतलहर उठताना दिसली. ते काम कॅल्शियमचं निघालं.

खरी गंमत मिटण्यात आहे. पेशीपटलावरचा व्होल्टेज बदलला की दार काही मिलिसेकंदांत उघडतं. पण व्होल्टेज तसाच ठेवला तरी ते पुन्हा मिटतं. १९७८ मध्ये ब्रेम आणि एकर्ट यांनी पॅरामेशियम या एकपेशीय जीवावर दाखवलं, की आत शिरलेलं कॅल्शियमच हे दार लावतं. गर्दीच्या लोणावळा लोकलमध्ये आत घुसलेले जसे मागच्यांची वाट अडवतात, तसंच. कॅल्शियमऐवजी बेरियम दिलं, तर मिटणं रेंगाळतं.

नेहर आणि साकमान यांच्या पॅच क्लॅम्प तंत्राने (१९७६), म्हणजे काचेच्या बारीक नळीच्या टोकाशी पेशीपटलाचा इवलासा तुकडा पकडून, एकेका चॅनेलची उघडझाप दिसू लागली. मग १९८४ मध्ये ब्रूस बीन यांनी या गोळीच्याच कुळातल्या नायट्रेन्डिपिनवर प्रयोग केले. मिटलेल्या दाराचे दोन प्रकार असतात: उघडायला तयार असलेलं, आणि एकदा उघडून अडकून बसलेलं. औषध या दुसऱ्याला घट्ट चिकटतं.

रक्तवाहिन्यांच्या स्नायूंतला विश्रांतीचा व्होल्टेज हृदयस्नायूपेक्षा कमी ऋण, म्हणजे दार उघडण्याच्या पातळीच्या जास्त जवळ असतो, म्हणून तिथे अडकलेली दारं जास्त. त्यामुळे गोळी हृदयाला फारशी न छेडता धमन्या सैलावते. छोट्या धमन्या सैल होतात, शिरा तितक्या नाही; मग पाणी ऊतींत झिरपतं, आणि पर्वती उतरताना एखाद्या काकांचे घोटे सुजलेले दिसतात.