परीक्षेद्वारे श्रेयांक

महाविद्यालयात तासांना न बसता, विषय येतो हे परीक्षेत दाखवून पदवीसाठीचे श्रेयांक मिळवण्याची पद्धत. विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘क्रेडिट’ हाच शब्द आहे.

ही पद्धत सर्वाधिक रुळली ती अमेरिकेत. तेथे कॉलेज बोर्डाची ‘क्लेप’ परीक्षा १९६७ पासून चालते. पेपर संगणकावर, साधारण दीड तासाचा असतो आणि गुण २० ते ८० या पट्टीवर मिळतात. बहुतेक विषयांत ५० गुणांना श्रेयांक द्यावेत, अशी अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनची शिफारस आहे. ती पाळायची की नाही हे मात्र प्रत्येक महाविद्यालय स्वतः ठरवते. गुण कमी पडले तर तोच विषय तीन महिन्यांनंतरच पुन्हा देता येतो.

भारतात निव्वळ परीक्षेवर सुटे श्रेयांक देण्याची प्रथा रुजली नाही. १८५७ ची मुंबई, मद्रास व कलकत्ता विद्यापीठे लंडनच्या धर्तीवर मुख्यतः परीक्षा घेत. शिकवणे महाविद्यालयांचे काम. कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालयही (१८८०) आधी मुंबईलाच संलग्न होते. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावर तेथे बी.ए., बी.कॉम.साठी बहिःस्थ (महाविद्यालयात न जाता द्यायच्या) परीक्षेची सोय होती. पुढे तिची जागा दूरशिक्षणाने घेतली. पण बहिःस्थ विद्यार्थी संपूर्ण पदवीची परीक्षा देत असे, एखाद्या विषयाची नव्हे.

आज कोल्हापुरातील विद्यार्थ्याला जवळचा मार्ग म्हणजे ‘स्वयम्’, केंद्र सरकारचे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ. २०२१ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांनुसार, एका सत्रातील अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम त्यावरून करता येतात. अभियांत्रिकीत बहुतेक मुले त्यावरचे एनपीटीईएलचे (आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचे) अभ्यासक्रम घेतात. ४ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला १, ८ आठवड्यांच्या २ आणि १२ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला ३ श्रेयांक धरले जातात. नोंदणी फुकट असते. परीक्षेचा अर्ज वेगळा भरायचा आणि त्याचे शुल्क प्रत्येक विषयाला १,००० रुपये. असाइनमेंट सगळ्या देऊन हा अर्ज विसरणारे दर सत्रात निघतात.

गुणांची विभागणी नीट समजून घ्यावी. असाइनमेंटला २५, परीक्षेला ७५, आणि दोन्हीकडे स्वतंत्र अट: असाइनमेंटमध्ये किमान १०, परीक्षेत किमान ३०. १२ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात १२ पैकी उत्तम ८ असाइनमेंट धरतात. पेपरला १०० पैकी ३९ पडले तर ७५ पैकी २९.२५ होतात; मग असाइनमेंटचे पैकीच्या पैकी असले तरी प्रमाणपत्र नाही. उलट पेपर उत्तम गेला, पण आठवड्याची मुदत चुकवत गेल्याने असाइनमेंटचे ९ च राहिले, तरी तेच.

परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. अर्जात शहराचा पसंतीक्रम विचारतात. सवयीने सगळे कोल्हापूर लिहितात. चंदगड तालुक्यातल्यांना बेळगाव जवळ पडते, यादीत ते असल्यास तेच घ्यावे. सकाळचे सत्र ९ ला सुरू होते.

खरी अडचण बहुधा पेपर सुटल्यावर कळते. उत्तीर्ण होणे आणि श्रेयांक गुणपत्रिकेवर येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पदवीच्या अभ्यासक्रमात ४ श्रेयांकांचा विषय असताना ८ आठवड्यांचा, म्हणजे २ श्रेयांकांचा कोर्स केला, तर उरलेले २ कुठून आणायचे? निवडलेला विषय आधीच झालेल्या विषयाशी बराच जुळत असेल, तर विभाग तो नाकारू शकतो. म्हणून नोंदणीपूर्वी विभागप्रमुखांची लेखी मंजुरी घ्यावी, आणि त्यात कोणत्या विषयाऐवजी कोणता कोर्स, किती श्रेयांक, हे स्पष्ट लिहून घ्यावे. तोंडी ‘चालतंय की’ परीक्षा विभागात चालत नाही.

श्रेयांक अखेर अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे विद्यार्थ्याच्या नावे श्रेयांकांचे ऑनलाइन खाते ठेवणाऱ्या सरकारी व्यवस्थेत, जमा होतात. त्यासाठी डिजिलॉकरवरून १२ अंकी क्रमांक काढावा लागतो. महाविद्यालयात ‘पाटील’ हे आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, किंवा वडिलांचे नाव एका ठिकाणी पूर्ण व दुसरीकडे आद्याक्षर, असा फरक असेल तर जोडणी अडते. तो प्रवेशाच्या वेळीच दुरुस्त करून घेतलेला बरा. जमा श्रेयांक जास्तीत जास्त ७ वर्षे वापरता येतात.