पामच्या पानांवरचा करपा आणि ओव्याचं तेल

माडाच्या जुन्या झावळीवर करडे ठिपके दिसले की एक पाती तोडून दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली धरावी. ठिपक्याचा मध्य राखट पांढरा असतो आणि कड गडद तपकिरी. मधल्या राखट भागात टाचणीच्या टोकापेक्षा बारीक काळे बिंदू विखुरलेले असतात. करपा आणणाऱ्या पेस्टालोशिऑप्सिस या बुरशीची बीजाणू तयार करण्याची ही ठाणी. तीच पाती ओल्या टिपकागदावर ठेवून डबी एक-दोन दिवस बंद केली, तर या बिंदूंतून काळपट, चिकट स्राव वर येतो. तो सूक्ष्मदर्शकाखाली नेला की चातीच्या आकाराचे पाच कप्प्यांचे बीजाणू दिसतात. मधले तीन कप्पे तपकिरी, दोन्ही टोकांचे बिनरंगी, आणि एका टोकाला दोन-तीन मिशा.

करप्यावर फवारतात त्या ओवा, लवंग, दालचिनी, गवती चहा, लसूण यांतल्या द्रव्यांची बुरशीशी गाठ पडते ती याच बीजाणूशी, आणि तीही तो रुजत असताना. पानावर पाणी काही तास टिकलं की बीजाणूतून नळीसारखा कोंब फुटतो आणि तो पानात शिरतो. एकदा आत गेलेल्या बुरशीपर्यंत पानावर मारलेलं तेल पुरेशा प्रमाणात पोहोचत नाही. म्हणून काळे बिंदू दिसणाऱ्या झावळीवर कितीही फवारलं तरी तिचा ठिपका आहे तेवढाच राहतो, किंवा वाढतो. ही द्रव्यं रोग बरा करणारी नाहीत, पुढचं पान वाचवणारी आहेत. निराशेच्या बहुतेक तक्रारी या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे येतात.

पामच्या बाबतीत याला जास्तच वजन आहे. माडाला साधारण महिन्याला एक नवं पान येतं आणि ते उघडल्यावर अडीच-तीन वर्षं झाडावर राहतं. पेरूचं किंवा गुलाबाचं झाड खराब पानं टाकून हंगामात नवा पाला आणतं. पामला ती सोय नाही. त्याचा वाढीचा कोंब एकच, शेंड्यात दडलेला. तो गेला की झाड गेलं.

फवारा हातात घेण्याआधी ठिपका बुरशीचाच आहे ना, हे पाहावं, कारण पालाशाची म्हणजे पोटॅशियमची कमतरता करप्याचं हुबेहूब सोंग घेते. ओळखायची खूण सोपी आहे. पाती उजेडाकडे धरली की पालाशाच्या कमतरतेचे ठिपके पिवळे-नारिंगी आणि अर्धपारदर्शक दिसतात. ते सर्वांत जुन्या पानांवर, टोकाकडे जास्त आणि बुंध्याकडे कमी असतात. बुरशीचे ठिपके अपारदर्शक, गडद कडेचे आणि कुठेही विखुरलेले. दोन्ही एकाच झाडावर असणंही नेहमीचंच, कारण पालाश कमी असलेल्या माडाला करपा लवकर धरतो.

खजुरीच्या जातीच्या पामवर बारीक काळ्या चामखिळी आणि त्यांतून निघालेले फिकट पिवळे धागे दिसले, तर ती ग्राफिओला ही बुरशी. तिची लागण झाल्यापासून चामखीळ दिसेपर्यंत दहा-अकरा महिने जातात, त्यामुळे आज दिसलेल्या चामखिळीवर आजचा फवारा वाया जातो. झावळीच्या एकाच बाजूच्या पात्या वाळल्या आणि दुसऱ्या बाजूच्या हिरव्या राहिल्या, तर संशय फ्युजेरियम मरचा घ्यावा. ती बुरशी झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत असते, तिथे कोणतंही सुगंधी तेल उपयोगाचं नाही. ती छाटणीच्या हत्यारांतून पसरते, म्हणून प्रत्येक झाडानंतर कोयता स्वच्छ करून ७० टक्के अल्कोहोलने पुसावा.

आता ही द्रव्यं नेमकं करतात काय? ओव्यातलं थायमॉल आणि लवंगेतलं युजेनॉल ही फिनॉल गटातली, तेलात सहज मिसळणारी रसायनं. बुरशीच्या पेशीचं पटल, म्हणजे तिचं पातळ वेष्टन, मुख्यतः चरबीचं बनलेलं, त्यामुळे ती तिथे घुसतात, पटल सैल करतात आणि आतलं पोटॅशियम बाहेर गळू लागतं. गवती चहातल्या सिट्रालचा मुख्य माराही पटलावरच. दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड प्रथिनांना थेट चिकटतं. लसणातल्या अ‍ॅलिसिनची तऱ्हा आणखी वेगळी, ते गंधक असलेल्या गटांवर हल्ला करून पेशीची विकरं (एन्झाइम) बंद पाडतं. एकाच कुलुपावर बेतलेल्या रासायनिक औषधाला बुरशी सरावते. इथे एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव पडतो, म्हणून ती सहज सरावत नाही.

पण पानाच्या पेशीलाही पटल असतंच. लवंगेचं तेल पाच-दहा टक्के तीव्रतेला तणनाशक म्हणून वापरतात. आपण फवारतो ते याच्या पन्नासाव्या-शंभराव्या हिश्शाचं. मात्रा चुकली की औषधाचं तणनाशक होतं, ते असं.

प्रयोगशाळेतले आकडे वाचतानाही जपावं. तिथे तेल आगर या जेलीत मिसळून वर बुरशी ठेवतात आणि बशीवर झाकण घालतात. तेलाची वाफ आत कोंडून राहते आणि काही दिवस बुरशीला घेरून असते. पानावर झाकण नाही. ऊन आणि वारा असेल तर थायमॉलसारखं उडणारं द्रव्य काही तासांत बरंचसं निघून जातं. म्हणूनच बशीत शंभर टक्के चाललेलं तेल झाडावर कधी निम्मंही चालत नाही. यावरचा उतारा म्हणजे तेल कशात तरी कोंडून ठेवणं. युरोपीय संघात द्राक्षावरच्या बोट्रायटिस बुरशीसाठी युजेनॉल, जिरॅनिऑल आणि थायमॉल यांचं मिश्रण यीस्टच्या रिकाम्या पेशींत भरून विकलं जातं. पेशी ओली झाली की तेल हळूहळू सुटतं, म्हणजे नेमकं बीजाणू रुजायच्या वेळी. कल्पना फार सुंदर आहे, पण स्वयंपाकघरात जमणारी नाही. घरी करायचं तर वारंवार फवारणं एवढाच मार्ग उरतो.

थायमॉलचं द्रावण सर्वांत भरवशाचं, कारण त्याची मात्रा वजनावर मोजता येते. ओव्याच्या तेलात थायमॉल कधी ३५ टक्के असतं, कधी ६०, आणि बाटली बघून ते कळत नाही. १० लिटर फवाऱ्यासाठी ५ ग्रॅम थायमॉलचे खडे २५ मिलिलिटर ९५ टक्के इथेनॉलमध्ये विरघळवावेत. त्यात तेल पाण्यात मिसळवणारं पॉलिसॉर्बेट ८० हे द्रव्य १० मिलिलिटर घालून ढवळावं. हे मिश्रण एक लिटर कोमट पाण्यात बारीक धारेने, सतत ढवळत ओतावं आणि मग बाकीचं नऊ लिटर पाणी घालावं. लिटरला अर्धा ग्रॅम पडतो. थायमॉल साध्या पाण्यात लिटरला जेमतेम एक ग्रॅम विरघळतं, म्हणजे आपण मर्यादेच्या आत आहोत. पाणी फार गार असेल किंवा मिश्रण एकदम ओतलं, तर मात्र तळाशी बारीक खडे बसतात. असा खडा पानावर पडला की त्याच्याखाली तपकिरी डाग उठतो, आणि मग रोग वाढला असं समजून माणूस मात्रा वाढवतो!

खडे नसतील तर १० लिटरला ८ मिलिलिटर ओव्याचं किंवा लवंगेचं तेल घ्यावं. तेल आणि पॉलिसॉर्बेट आधी कोरड्या भांड्यात एकत्र करायचं, पॉलिसॉर्बेट तेलाच्या दुप्पट. मग त्यात चमचाचमचाभर कोमट पाणी घालत दुधासारखं होईपर्यंत घोटायचं आणि शेवटी पातळ करायचं. क्रम उलटा केला, म्हणजे पाण्यात आधी तेल टाकलं, तर ते पुन्हा नीट मिसळत नाही. तयार द्रावण काचेच्या पेल्यात अर्धा तास ठेवून बघावं. कडेला तेलाचं कडं किंवा तळाशी तेलाचे थेंब दिसले तर ते फवारू नये. पंपात ओव्याचं तेल वर तरंगतं, आधी नुसतं पाणी बाहेर पडतं आणि शेवटच्या लिटरभरात जवळपास सगळं तेल येतं; लवंगेचं तेल पाण्यापेक्षा जड, ते तळाशी बसतं. ज्या झाडावर असं नुसतं तेल पडेल त्याची पानं भाजतात. पॉलिसॉर्बेटऐवजी पोटॅशचा मऊ साबण चालतो, पण पाणी जड असेल तर साबणाची साय धरते, तेल-पाण्याचं दुधाळ मिश्रण फाटतं आणि नोझल तुंबतं.

लसणाची रीत अगदी वेगळी आहे. अख्ख्या पाकळीत अ‍ॅलिसिन नसतंच. त्यात अ‍ॅलिइन असतं, आणि ते ज्याने बदलतं ते विकर शेजारच्या कप्प्यात बंद असतं. पाकळी ठेचली की दोन्ही भेटतात. १०० ग्रॅम सोललेला लसूण चांगला ठेचून दहा मिनिटं तसाच ठेवावा, मग एक लिटर गार पाणी घालून दुहेरी फडक्यातून गाळावा आणि पाच लिटर करावा. ताज्या लसणाच्या ग्रॅममधून साधारण अडीच ते पाच मिलिग्रॅम अ‍ॅलिसिन निघतं, म्हणजे या द्रावणात लिटरला ५० ते १०० मिलिग्रॅम येतं. लसूण उकळून काढा करण्याची पद्धत बरीच रूढ आहे. तिने विकर मरतं आणि अ‍ॅलिसिन तयारच होत नाही, उरतो तो वास. हे द्रावण त्याच दिवशी संपवावं.

कडुनिंबाच्या तेलाबद्दल थोडक्यात. त्यातलं प्रसिद्ध अ‍ॅझाडिरॅक्टिन हे कीटकांसाठी. बुरशीवर जो परिणाम होतो तो मुख्यतः तेलाच्या थराचा, आणि भुरीसारख्या पानावरच वाढणाऱ्या रोगांवर तो जास्त दिसतो. करप्यावर त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. गंधक फवारलं असेल तर पुढचे दोन-तीन आठवडे कोणतंही तेल मारू नये, पान जळतं.

कोणतंही द्रावण आधी दोन-तीन पात्यांवर मारून तीन दिवस थांबावं, त्यांत एक तरी कोवळी पाती असावी. तेलाने भाजलेली जागा आधी पाण्यात भिजल्यासारखी काळपट हिरवी दिसते, मग तपकिरी होते. ती बहुधा पातीच्या टोकाला आणि खालच्या कडेला असते, कारण थेंब तिथेच लोंबतो. ही खूण लक्षात राहिली तर रोग कोणता आणि आपली करणी कोणती, हे वेगळं काढता येतं.

फवारणीची वेळ सूर्यास्ताआधी दोनेक तास. दुपारी तेल उडतं आणि पानही भाजतं, तर अंधार पडल्यावर मारलं की पान रात्रभर ओलं राहतं, म्हणजे बुरशीला आपणच पाणी घातलं. नोझल पोकळ शंकूच्या फवाऱ्याचं घ्यावं, पात्यांच्या दोन्ही बाजू भिजाव्यात आणि ओघळ सुरू होताच हात हलवावा. कुंडीतल्या पामला पाव लिटर पुरतं, डोक्याइतक्या उंच रोपाला दोन-तीन लिटर. उंच माडाच्या शेंड्यापर्यंत दर आठवड्याला पोहोचणं व्यवहारात बसत नाही, तो खटाटोप करूच नये. ही पद्धत रोपवाटिकेची, कुंड्यांची आणि लहान झाडांची. पावसाळी हवेत दर सात ते दहा दिवसांनी, आणि जोराचा पाऊस झाला तर पुन्हा. न उघडलेल्या सुळक्यासारख्या पानाच्या बेचक्यात द्रावण साचू देऊ नये. खाली वाढीचा कोंब आहे आणि तिथे तेल साठलं तर नुकसान भरून येत नाही. उघडलेल्या फुलोऱ्यावर आणि खायच्या फळांवरही मारू नये.

मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण अल्कधर्मी असतं, त्यात थायमॉल किंवा लसूण मिसळला की दोन्हींची ताकद घटते. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी असली तरी बुरशीच आहे, थायमॉल तिला ओळखून सोडणार नाही, तेव्हा ती त्याच पंपात घालू नये. सिनॅमाल्डिहाइड आणि युजेनॉल कातडीला झोंबतात, काहींना कायमची अ‍ॅलर्जी जडते, म्हणून हातमोजे आणि चष्मा हवाच. मूळ तेलं पातळ, ठिसूळ प्लॅस्टिकमध्ये ठेवू नयेत आणि पंप वापरून झाला की साबणाच्या पाण्याने धुवावा, नाहीतर रबरी वायसर फुगतात.

आणि या सगळ्यांपेक्षा जास्त फरक पाणी घालण्याच्या पद्धतीने पडतो. वरून तुषार मारणं बंद करून पाणी बुंध्याशी दिलं, कुंड्यांमध्ये वारा खेळेल एवढं अंतर ठेवलं, की पान ओलं राहण्याचे तासच कमी होतात. खाली पडलेल्या रोगट झावळ्या उचलून न्याव्यात. झाडावरची अर्ध्याहून जास्त करपलेली तेवढीच झावळी काढावी. पिवळी पडली म्हणून सरसकट जुनी पानं छाटू नयेत, पालाश कमी असताना झाड तो याच पानांतून ओढून वर नेत असतं. ती काढली की वरच्या पानांत कमतरता दिसू लागते.

परिणाम मोजायला पहिल्या फवारणीच्या दिवशी सर्वांत नव्या उघडलेल्या पानाच्या देठाला रंगीत दोरा बांधावा, आणि शेजारच्या एका झाडावर तेलाशिवाय, नुसतं पाणी आणि पॉलिसॉर्बेट फवारावं. तीन-चार महिन्यांनी दोऱ्याच्या वर आलेली पानं दोन्ही झाडांवर शेजारी शेजारी धरून ठिपके मोजावेत. दोऱ्याखालची पानं हिशेबात घ्यायची नाहीत. दोन्हीकडे ठिपके सारखेच निघाले, तर आधी पाती पुन्हा एकदा उजेडाकडे धरून पाहावी.